चार खुर्च्या, पाच माणसं



आज व्यासपीठावर आमच्याबरोबर एक खुर्ची आहे. बसायची प्लॅस्टिकची, ती आयोजकांनी दिली आहे. ही दुसरी, लाकडाची, आम्ही घरून रिक्षात घालून आणली. रिक्षावाल्याने विचारलं, "सर, दुरुस्तीला नेताय का?" आम्ही म्हटलं, "नाही, व्याख्यानाला." त्यावर तो पुढे काही बोलला नाही.

मागे बसलेल्यांना दिसत नसेल म्हणून सांगतो. चार पाय, खाली निमुळते होत गेलेले. पाठीला एकच रुंद पट्टी, किंचित बाक दिलेली. बैठक वेताने विणलेली. नक्षी नाही, गादी नाही, हात नाहीत. जेवणाच्या टेबलाची साधी खुर्ची. अशा आमच्याकडे पाच आहेत. त्यातल्या चार 1979 साली इथेच, दहिसरला, आमच्या इमारतीखालच्या मोकळ्या जागेत तयार झाल्या. पाचवी आठ वर्षांनी झाली.

गेल्या वर्षी आमची भाची घरी आली. ती इंटिरियरचं शिकलेली आहे. खुर्ची उलटी करून, सांधे बघून म्हणाली, "मामा, ही तर डॅनिश वळणाची आहे. मिड-सेंच्युरी मॉडर्न." तिने ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारातल्या एका व्यापाऱ्याला फोटो पाठवले. त्याने चार खुर्च्यांची जी किंमत सांगितली, ती आमच्या नोकरीच्या पहिल्या वर्षाच्या एकूण पगाराहून जास्त होती. पाचवी मात्र त्याला नको होती. रंग जुळत नाही, लाकूड वेगळं आहे, सेट बिघडतो, असं त्याचं म्हणणं. समोर ठेवली आहे ती ही पाचवी.

आता, तत्त्वज्ञानाचा माणूस खुर्चीवर काय बोलणार, असं तुम्हाला वाटेल. ॲरिस्टॉटलने कोणत्याही वस्तूविषयी चार प्रश्न विचारायला शिकवलं. ती कशाची केली आहे? तिला हा आकार कुठून आला? ती कुणी घडवली? आणि ती कशासाठी आहे? आपल्या नैयायिकांनीही घट आणि कुंभार यांचं उदाहरण घेऊन कारणांचे तीन प्रकार मांडले. पण 'कशासाठी' हा प्रश्न त्या तिनांत वेगळा येत नाही, आणि आज आम्हाला नेमका तिथेच पोचायचं आहे. म्हणून ॲरिस्टॉटलच्या क्रमाने जाऊ.

पहिला प्रश्न लाकडाचा. आमच्या चार खुर्च्या जुन्या सागवानाच्या आहेत. गिरगावातली एक इमारत पाडली, तेव्हा तिच्या तुळया विकायला निघाल्या. मिस्त्रींनी त्यातली एक आणली आणि कापल्यावर म्हणाले, "बर्मा टीक आहे." मुंबईत हा शब्द आजही दर्जाची खूण म्हणून वापरतात. पण त्याच्यामागे काय आहे ते बघा. 1863 साली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन स्थापन झाली. नावातच मुंबई आहे आणि धंदा ब्रह्मदेशातल्या सागवानाचा. कंपनीने ठरल्यापेक्षा जास्त ओंडके काढले, असा आरोप ठेवून ब्रह्मी दरबाराने तिला मोठा दंड केला. हा वाद निमित्त ठरला आणि 1885 च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी युद्ध पुकारलं. जेमतेम दोन आठवड्यांत राजधानी मंडाले पडली. राजा थिबा पदच्युत झाला आणि त्याला कुठे आणून ठेवला? आपल्या रत्नागिरीत. 1916 साली तो तिथेच वारला. थिबा पॅलेस पाहायला आपण सहलीने जातो. त्या राजवाड्याचा आणि मुंबईच्या चाळींतल्या तुळयांचा संबंध आहे, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही.

याच सुमारास डेन्मार्कची माणसंही सागवानाच्या मागे होती. कोपनहेगनमध्ये 1897 साली ईस्ट एशियाटिक कंपनी निघाली. तिचा संस्थापक हान्स निल्स अँडरसन याने सयाममधून सागवान युरोपात नेण्याच्या व्यापारातच आपला जम बसवला होता. पुढे 1950 नंतर 'डॅनिश टीक' म्हणून जे फर्निचर अमेरिकेत आणि युरोपात गाजलं, त्यातलं लाकूड डॅनिश नव्हतंच. डेन्मार्कमध्ये साग उगवत नाही. म्हणजे भाचीने ज्या खुर्चीला डॅनिश म्हटलं, तिचं लाकूड आशियाचं. आमची खुर्ची त्यांच्यासारखी दिसते, यात लाकडापुरतं तरी नवल नाही.

दुसरा प्रश्न आकाराचा. कोपनहेगनच्या कला अकादमीत 1924 साली फर्निचरचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. तो कोरे क्लिंट या वास्तुशिल्पीने घडवला. क्लिंटची पद्धत अशी, की चित्र काढण्याआधी मोजायचं. माणूस बसला की गुडघा किती उंचीवर येतो, पाठ कुठे टेकते, हात कुठवर पोचतो. कपाट करायचं तर घरात थाळ्या किती, काटे-चमचे किती, ते आधी मोजा. जुन्या खुर्च्यांकडे तो तुच्छतेने पाहत नसे. त्यातली शहाणी कोणती ते शोधायचं आणि अनावश्यक तेवढं काढून टाकायचं, असं त्याचं शिकवणं होतं. 1927 पासून 1966 पर्यंत कोपनहेगनच्या सुतारांच्या संघाची दरवर्षी प्रदर्शनं भरत. त्यांत आरेखन करणारा आणि रंधा मारणारा जोडीने काम करत.

त्या पिढीतला सर्वांत नाव झालेला माणूस हान्स वेग्नर. तो मुळात सुतारकाम शिकलेला होता. 1944 साली त्याने जी खुर्ची केली तिचं नावच 'चायना चेअर', कारण चीनमधल्या मिंग काळातल्या खुर्च्या त्याच्या डोळ्यांसमोर होत्या. तोच धागा पुढे नेत त्याने 1949 साली इंग्रजी 'वाय'सारख्या पाठीची जेवणाची खुर्ची आखली. तिची बैठक कागदाच्या पिळलेल्या दोरीची, एका खुर्चीला सुमारे 120 मीटर दोरी लागते. त्याच वर्षीची त्याची आणखी एक खुर्ची 1960 साली केनेडी आणि निक्सन यांच्या दूरदर्शनवरच्या वादसभेत दिसली आणि जगभर पोचली. बघा, आकार चीनचा, लाकूड आशियाचं, हात डॅनिश. युरोपने केलं आणि आपण नक्कल केली, एवढ्या सरळ रेषेत वस्तूंचा इतिहास कधी चालत नाही.

नक्कल मात्र आम्ही केलीच. ती कशी, ते सांगतो. वडील फोर्टमधल्या एका कचेरीत कामाला होते. तिथल्या रद्दीत एक परदेशी मासिक आलं. त्यात जेवणाच्या खोलीचा रंगीत फोटो होता. एक टेबल, भोवती चार खुर्च्या, खिडकीत कुंडी. वडिलांनी ते पान कापून आणलं आणि मिस्त्रींच्या हातात दिलं. मिस्त्री राजापूरकडचे. त्यांनी ते पान दोन दिवस खिशात ठेवलं. मग आईला आणि वडिलांना आळीपाळीने स्टुलावर बसवून दोरीने माप घेतलं आणि फोटोतल्यापेक्षा बैठक थोडी खाली घेतली. म्हणाले, "त्या लोकांचे पाय लांब." क्लिंटचं नाव त्यांनी ऐकलं असण्याची शक्यता नाही. पण पद्धत तीच होती.

तिसरा प्रश्न, घडवलं कुणी? इथे फक्त सुताराचं नाव सांगून भागत नाही. काम कुणी सांगितलं, हेही विचारावं लागतं. डेन्मार्कमधली एक खुर्ची यासाठी बघण्यासारखी आहे. 1947 साली बोर्गे मोगेन्सन याने ती आखली. नंबर जे-39. लोक तिला 'लोकांची खुर्ची' म्हणू लागले. ती सागवानाची नव्हती, त्यांच्याकडच्या बीच लाकडाची होती. निर्यातीच्या बाजारासाठी साग आणि घरच्या माणसांसाठी घरचं लाकूड, हा फरक लक्षात ठेवा. आणि मोगेन्सनला नोकरीला कुणी ठेवलं होतं? डेन्मार्कच्या ग्राहक सहकारी संस्थांच्या मध्यवर्ती संघाने. तो संघ 1896 सालचा. त्याच्या मागे 1866 साली थिस्टेड गावात एका पाद्र्याने कामगारांसाठी काढलेलं सहकारी दुकान. 1882 साली शेतकऱ्यांची पहिली सहकारी डेअरी. म्हणजे साखर, साबण, लोणी यांच्याबरोबर त्या चळवळीने असं ठरवलं, की कामगाराच्या लहान घरात मावेल, त्याला परवडेल आणि मुलांनाही पुरेल अशी खुर्चीसुद्धा आपणच आखून घ्यायची. 1942 साली त्यासाठी आरेखनाचा विभाग काढला, तेव्हा देश जर्मनांच्या ताब्यात होता.

सहकार म्हटलं की महाराष्ट्राच्या माणसाचे कान टवकारतात, आणि तसं व्हायलाही हवं. 1915 साली गावदेवीला सारस्वतांची सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. 1950 साली प्रवरेला सहकारी साखर कारखान्याचं गाळप सुरू झालं. 1948 साली नायगावात कामगारांनी दुकान काढलं, त्याचा अपना बाजार झाला. 1975 पासून मुंबई ग्राहक पंचायतीचे गट महिन्याचं वाणसामान एकत्र घेऊन आपसांत वाटू लागले. आपण या सभागृहात बसलेले बहुतेक जण सहकारी सोसायटीतच राहतो. दहिसर 1957 साली बृहन्मुंबईत आलं आणि पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत शेतं, वाड्या जाऊन इथे सोसायट्या उभ्या राहिल्या. पागडीच्या खोल्या सोडून हजारो कुटुंबांनी पहिल्यांदा स्वतःचं स्वयंपाकघर पाहिलं ते इथे.

पण एक गोष्ट आमच्या पिढीला सुचली नाही. भिंती आपण एकत्र येऊन बांधल्या, भिंतींच्या आत काय असावं याचा विचार एकत्र केला नाही. तो प्रत्येक घराने आपापल्या मिस्त्रीवर, नाहीतर मासिकातल्या फोटोवर सोपवला. फोटो आकार दाखवतो. घरातली माणसं मोजून दाखवत नाही.

आता चौथा प्रश्न, कशासाठी?

खुर्ची हा शब्द आपल्याकडे अरबी 'कुर्सी'वरून, फारसीमार्गे आला. आला तो दरबारातून. म्हणून मराठीत खुर्ची म्हणजे अजूनही सत्ता. खुर्ची मिळते, जाते, सोडवत नाही. जेवणाशी तिचा संबंध नव्हता. जेवायला पाट. आणि पाटाची जागा ठरलेली असे. कोण पंक्तीत, कोण पंक्तीबाहेर, कोण आधी, कोण मागून. शिवाशिवीचा सगळा हिशेब जेवणाच्या वेळी सर्वांत कडक. याच कारणाने अनंत हरी गद्र्यांना झुणका-भाकर सत्यनारायण मांडावासा वाटला आणि शाहू महाराजांना गंगाराम कांबळ्यांच्या हॉटेलात जाऊन चहा घ्यावासा वाटला. जेवायला कोण कुणाच्या शेजारी बसतो, यात आपल्या समाजाचा सगळा नकाशा असतो.

मुंबईकराला खुर्चीवर बसून खायला घराने शिकवलं नाही, इराण्याने शिकवलं. संगमरवरी टेबल आणि भोवती वाकवलेल्या लाकडाच्या काळसर खुर्च्या. त्या खुर्चीचं मूळ व्हिएन्नातल्या मिखाएल थोनेट याच्या 1859 सालच्या चौदा नंबरच्या खुर्चीत आहे. वाफेवर लाकूड मऊ करून वाकवायचं. सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट. सुटे भाग करून एक घनमीटरच्या खोक्यात छत्तीस खुर्च्या मावत, म्हणून ती बोटीने जगभर गेली. इराण्याच्या त्या खुर्चीवर गिरणी कामगार बसला, कारकून बसला, वकील बसला. कोण आधी बसून गेला हे विचारायची सोय नव्हती. आमचे आजोबा इराण्याकडे चहा पीत आणि घरी आल्यावर सांगत नसत.

घरात टेबल आलं तेव्हा आम्हाला वाटलं, पंगत संपली. आता खरं सांगतो. 1979 साली आम्ही घरात पाच माणसं होतो. आई, वडील आणि आम्ही तीन भावंडं. मोठ्याला, म्हणजे प्रस्तुत वक्त्याला, नुकतीच कॉलेजात नोकरी लागली होती. विषय नीतिशास्त्र. मिस्त्रींनी काम सुरू करण्याआधी विचारलं, "अण्णा, घरात माणसं किती?"

वडील म्हणाले, "पाच."

"मग खुर्च्या चार कशा?"

वडिलांनी फोटो दाखवला. त्यात चारच होत्या. आणि आम्ही, नीतिशास्त्र शिकवणारे आम्ही, शेजारून म्हणालो, "एक जण वाढायला असतंच की."

मिस्त्री काही बोलले नाहीत. त्यांनी चार केल्या.

या वाक्यात त्या वेळी आम्हाला काहीही खटकलं नाही. आईलाही खटकलं नसावं. ती उभी राहून वाढायची आणि मागून ओट्याखाली पाट घेऊन जेवायची. टेबल नवं, खुर्ची नवी, पंगत जुनीच. तुम्ही म्हणाल, खुर्ची कमी होती म्हणून तसं झालं. नाही. 1983 साली बहिणीचं लग्न झालं. माणसं चार, खुर्च्या चार. तरी चौथी खुर्ची जेवणाच्या वेळी रिकामी असायची. तिच्यावर वर्तमानपत्र ठेवलेलं असायचं. आम्ही त्या दिवसांत कॉलेजात समतेवर शिकवत होतो आणि बरं शिकवत होतो, असं विद्यार्थी सांगतात.

1985 च्या पावसाळ्यात आईचे गुडघे गेले. डॉक्टरांनी मांडी घालून बसायचं नाही, फार वेळ उभं राहायचं नाही, असं सांगितलं. मग वर्तमानपत्र उचललं गेलं आणि ती आमच्याबरोबर टेबलाशी बसली. पहिल्या दिवशी पंचाईत झाली. वाढणार कोण? सगळे एकमेकांकडे बघत राहिले. शेवटी धाकट्याने उठून पातेली टेबलावरच आणून ठेवली. ज्याला हवं त्याने घ्यायचं. आईने आमटीचा भुरका मारला आणि म्हणाली, "गरम असली की वेगळीच लागते, नाही?"

स्वतः केलेली आमटी ती कित्येक वर्षं निवल्यावर खात होती. हे आमच्या लक्षात यायला तिचे गुडघे जावे लागले. विचाराने आम्ही ते केलं नाही, हे इथे कबूल करतो.

1987 साली आमचं लग्न झालं. माणसं पुन्हा पाच. या वेळी फोटो काढला नाही. मिस्त्री वयस्क झाले होते, मुलाच्या हाताखाली बसून काम सांगत. जुनी तुळई कुठून आणणार? बल्लारशाचं साधं सागवान घेतलं. पॉलिश कितीही केलं तरी रंग जुळला नाही. मिस्त्रींनी ती घरी आणून टेबलाशी लावली, सगळ्या मोजल्या आणि म्हणाले, "आता हिशेब बसला."

आता पुन्हा किमतीकडे येऊ. 'लोकांची खुर्ची' म्हणून केलेली जे-39 आज जाणत्या लोकांच्या घरातली महागडी वस्तू झाली आहे. आपल्याकडे चंदीगडचं उदाहरण आहे. पिएर जानरे याने 1950 च्या दशकात सरकारी कचेऱ्यांसाठी साग आणि वेत यांच्या खुर्च्या करवून घेतल्या. कारकुनांनी त्या वापरल्या, मोडल्या की गच्चीवर गेल्या, भंगारात गेल्या. मग परदेशी व्यापाऱ्यांनी त्या उचलल्या आणि लिलावांत त्यांना लाखांनी किंमत आली. 2011 साली केंद्रीय गृहमंत्रालयाला त्या बाहेर जाऊ नयेत म्हणून आदेश काढावा लागला. लिलावात बोली लागते ती लाकडाला, आकाराला आणि आखणाऱ्याच्या नावाला, म्हणजे ॲरिस्टॉटलच्या पहिल्या तीन प्रश्नांना. चौथ्याला बोली लागत नाही. त्या व्यापाऱ्याने आमच्या चार खुर्च्यांची किंमत केली त्यात त्याची चूक नाही. चार म्हणजे सेट, हे आम्हीही एकदा मानलं होतं.

तेव्हा, जुन्या वस्तूंचा शौक असेल त्यांनी जरूर करावा. ओशिवऱ्याला जा, सांधे बघा, वेताची विण बघा, सुताराच्या हाताला दाद द्या. ती दाद त्या हाताची हक्काची आहे. पण कोणाच्या घरी सुंदर टेबल-खुर्च्या दिसल्या, तर मिस्त्रींचा प्रश्न मनात तरी विचारा. घरात माणसं किती? आणि घरकाम करणाऱ्या बाईंना चहा कुठे देतात? तुमच्या, आमच्या सोसायटीत आजही त्यांच्या कपाला वेगळा कोपरा असतो, आणि बसायला फरशी. हे आम्ही दुसऱ्यांविषयी बोलत नाही.

आमच्या घरी आता माणसं दोनच आहेत आणि खुर्च्या पाच. चार आम्ही विकलेल्या नाहीत. ही पाचवी खिडकीजवळ असते. सकाळी कामाला येणाऱ्या मावशी तिच्यावर बसून चहा घेतात. सुरुवातीला बसत नव्हत्या. आमच्या पत्नीने पंधरा दिवस रोज सांगितलं, तेव्हा बसल्या. आज ती इथे आणली म्हणून सकाळी त्यांनी विचारलं, "सर, खुर्ची परत येणार ना?"

म्हणून व्याख्यान वेळेत संपवतो. ती घेऊन जायची आहे. प्रश्न असतील तर विचारा.